सव्वापाच तास आधी

१

घड्याळाच्या बाबतीत मला फसवेल असा माणूस या शहरात नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. नुसतं कानाला लावून सांगायचो, याच्या पोटात काय दुखतंय. आता आमच्याच स्वयंपाकघरातलं घड्याळ गेली तीन वर्षं सात मिनिटं पुढे पळतंय आणि ते का पळतंय हे मला सापडलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी सातवी नापास. बायको मात्र गणिताची शिक्षिका, बत्तीस वर्षं शाळेत. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणतो. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, त्या मला अजून शेवटच्या बाकावरचा मुलगा समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. माझ्या दुकानाशेजारी एक शिंपी होता. त्याचं भिंतीवरचं घड्याळ मी दर आठवड्याला दोन मिनिटं पुढे सारत गेलो. चार महिन्यांत तो अर्धा तास लवकर दुकान उघडायला लागला आणि येईल त्याला सांगत सुटला, की हल्ली आपोआप लवकर जाग येते, तब्येत सुधारलीय. मी त्याचं अभिनंदनही केलं.

तर असा मी. थापा मारणाऱ्याला म्हातारपणी एकच शिक्षा असते: त्याच्या बाबतीत एक खरी गोष्ट घडते.

ती लिहून ठेवतोय ते कुणाला घाबरवायला नाही. आभार मानायला. आता आभार कुणाचे, ते ठाऊक असतं तर तोंडानंच मानले असते. कागद कशाला खराब केला असता?

२

आमची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. भिंगरी फिरत फिरत इतकी लांब गेली, की तिकडच्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत बारा हजार सहाशे किलोमीटर भरतात. ती तिकडे पुलांचे नकाशे काढते. मी तिला म्हणतो, "एक पूल इकडे टाक की." ती म्हणते, "टाकते, पण टोल तुम्ही भरायचा."

पहिल्यांदा यायची होती तेव्हा मी तिकीट बघितलं. तिकडून निघणार दुपारी चार दहाला, इथे पोचणार दुसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला. मी वजाबाकी केली. साडेतेवीस तास.

"बाई," मी म्हणालो, "पोरीला उडवत आणतायत की चालवत?"

बाईंनी चष्मा पुसला. "तिची दुपार आणि आपली दुपार एक आहे का?"

"दुपार म्हणजे दुपार."

"म्हणून सातवीत राहिलात." मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर समजावलं. भिंगरीचं घड्याळ आपल्यापेक्षा नऊ तास मागे. तिचे दुपारचे चार दहा म्हणजे आपल्याकडे उत्तररात्रीचा एक दहा. म्हणजे प्रवास साडेचौदा तासांचा.

घड्याळवाल्याची अशी शोभा झाल्यावर मी गप्प बसणार होय? झोपायच्या खोलीत एक घड्याळ होतं, त्याच्या शेजारी दुसरं लावलं. पहिलं आपलं, दुसरं भिंगरीचं, नऊ तास मागे. आणि मग आमच्या घरात एक रीत पडली. नऊ तासांची मिनिटं पाचशे चाळीस. बाईंनी त्यांना साडेचौदानं भागलं. तिकडून विमान उडालं की दर तासाला मी स्टुलावर चढायचं आणि भिंगरीचं घड्याळ सदतीस मिनिटं पुढे सारायचं. दोन्हींतला फरक थोडा थोडा कमी होत जायचा, आणि विमान टेकलं की दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवायची. मग पाऊण तास धरायचा, सामान, टॅक्सी आणि तीन जिने यांचा. मग बेल. भिंगरी बेल तीनदा वाजवते.

याला आम्ही 'पोरीला आणणं' म्हणतो. ती परत निघाली की उलटं, दर तासाला सदतीस मिनिटं मागे. ते 'पोचवणं'.

शिंपी म्हणायचा, "अहो, हल्ली फोनवर विमान दिसतं की."

दिसतं ना. पण दिसणं वेगळं आणि आणणं वेगळं.

यात त्रास एकच, स्टुलाचा. त्याचा एक पाय आखूड आहे. कुणीतरी खाली धरून उभं राहावं लागतं. भिंगरी लहान होती तेव्हा ती धरायची, तिकडे गेल्यापासून बाई धरतात.

३

या वर्षी बाईंच्या छातीत पाणी झालं. नऊ दिवस दवाखान्यात काढल्यावर त्यांनी घरी न्या म्हणून हट्ट धरला. आणलं. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना मला जिन्यात घेऊन म्हणाले, "औषधं आपलं काम करतायत. त्या करत नाहीयेत."

"म्हणजे?"

"धीर सोडलाय त्यांनी. मुलीला बोलवा. ती येईपर्यंत टिकल्या, तर पुढेही टिकतील."

मी लगेच फोन केला. भिंगरीला मिळालं ते पहिलं विमान तिनं धरलं.

दोन दिवस बाईंच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नव्हता. ओठ ओल्या कापसानं भिजवायचे, एवढंच. श्वास चाललेला, दाता तुटलेलं चाक चालतं तसा: चार टिक आणि एक गाळलेला. असं घड्याळ कुणी दुकानात आणलं असतं तर मी सांगितलं असतं, राहू द्या, आता याच्यावर खर्च करू नका.

विमान वेळेवर उडालं. मी तासातासाला स्टूल भिंतीला टेकवून, एका हातानं खिडकीचा गज धरून वर चढत होतो. प्रत्येक वेळी बाई डोळे उघडायच्या.

"किती राहिलं?"

"नऊ तास."

"सात हजार आठशे." तास सांगितले की त्या किलोमीटर सांगायच्या. डोळे मिटून, जराही न अडखळता.

पुढच्या खेपेला मी सांगितलं, "साडेसात तास." त्यांनी वेळ घेतला. "सहा हजार... पाचशे."

सकाळी नऊला नर्सबाई आल्या. नाडी बघितली, पांघरूण नीट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी चारला परत येते. काही वाटलं तर फोन करा." त्यांनी मागे दार ओढलं, मी आतून कडी लावली.

दहाला मी म्हणालो, "पाच तास राहिले, बाई. आणि चाळीस मिनिटं."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मिटले. किलोमीटर सांगितले नाहीत.

सत्तेचाळीस वर्षांत त्या बाईनं उदाहरण अर्धवट सोडलेलं मी बघितलं नव्हतं.

४

दहा पंचवीसला त्या म्हणाल्या, "किती..." पुढचा शब्द आलाच नाही.

भिंतीवर आपलं घड्याळ दहा पंचवीस, भिंगरीचं सात दहा. मध्ये सव्वातीन तासांचं अंतर. फोनवर छोटंसं विमान निळ्या रंगावर चिकटून बसलेलं. अजून साडेचार हजार किलोमीटर, आणि सगळं पाणीच पाणी.

मी म्हणालो, "टेकलं, अगं. विमान टेकलं."

अगं म्हणालो. लग्नापासून बाईंना बाईच म्हणत आलो होतो, ते कुठे गेलं कोण जाणे.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, भिंतीकडे. शाळेतही तशाच होत्या, नुसतं उत्तर चालायचं नाही, रीत दाखवा म्हणायच्या. मग मी काय करणार? स्टूल ओढलं आणि चढलो. धरायला कुणी नव्हतं, आणि घाईत स्टूल लांब ठेवलं गेलं म्हणून गजापर्यंत हात पुरत नव्हता. ते असं डुललं की मी भिंतीलाच मिठी मारली. तशा अवस्थेत भिंगरीच्या घड्याळाचा मोठा काटा धरला आणि फिरवला. तीन फेरे आणि वर पाव. सव्वातीन तास.

आयुष्यात लोकांची कितीतरी घड्याळं मी मजेसाठी पुढे केली. त्या काट्याइतका जड काटा दुसरा लागला नाही.

"हे बघ," मी म्हणालो, "जुळली. मधे मला डुलकी लागली, सारायचं राहून गेलं होतं."

बाई दोन्ही घड्याळांकडे बघत राहिल्या. एकदा या, एकदा त्या. मला वाटलं, पकडला. मग ओठ हलले.

"पाऊण तास."

हिशोब परत सुरू झाला होता. मला इतका आनंद झाला की उतरताना मी जवळजवळ पडलोच. पाऊण तास मिळाला. आता पुढच्या थापा रांगेत लावायच्या: सामानाचा पट्टा बंद पडला, टॅक्सी पंक्चर झाली, समोर रस्ता खणलाय. सव्वापाच तास रेटायचे. म्हटलं, जमेल. एवढी वर्षं आपण दुसरं केलं काय?

५

मी पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या घड्याळात अकरा सतरा झाले होते. म्हणजे खरे अकरा दहा.

खालच्या जिन्यात बॅग आपटली.

भिंगरीची बॅग कोणती, ते मला डोळे मिटून कळतं. दोन चाकांची, त्यातलं एक कधीतरी पडून तडकलेलं. सपाट जागी ती टक-घर्र-टक, टक-घर्र-टक चालते आणि जिन्यावर प्रत्येक पायरीला एक ठक देते. एका मजल्याच्या अठरा पायऱ्या. मी मोजायला लागलो नाही, पण मोजलं जातं. अठरा ठक. मग सपाट. मग परत अठरा.

मी स्वतःशी म्हणालो, दुसऱ्या मजल्यावर पाहुणे आले असतील.

तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्यावर फक्त आम्ही. वर पाण्याची टाकी.

फोन काढला. छोटं विमान होतं तिथेच, निळ्यावर. साडेचार तास बाकी. तीन हजार नऊशे किलोमीटर. मी तो आकडा दोनदा वाचला. आकडा खोटं बोलत नाही, असं बाई म्हणतात.

अठरावी पायरी झाली. मी बेलची वाट बघत उभा राहिलो, हातात पातेलं. एक नाही, दोन नाही, तीन नाही. म्हटलं, बरं झालं. कुणीतरी चुकून आलं असेल, बघून परत जाईल.

मग टक-घर्र-टक. आवाज बाहेरचा नव्हता. आमच्या आतल्या बोळातल्या फरशीला जो पोकळ नाद आहे, तो होता. स्वयंपाकघराचं दार त्याच बोळात उघडतं. मी ओट्याकडे तोंड करून उभा, बोळ माझ्या पाठीशी. पायांच्या घोट्यांना गार लागलं, फ्रिजचं दार उघडं राहिलं की लागतं तसं. माझ्या मागून ते सावकाश गेलं, झोपायच्या खोलीकडे.

कडी लावली होती का? लावली होती. मीच लावली होती. की लावायची राहिली? म्हातारा माणूस, रात्रभर जागा. राहिली असेल.

घसा साफ करून मी ओट्याकडे बघतच हाक मारली, "भिंगरे, पायलटला आडवाट सापडली काय गं?"

त्रेचाळीस वर्षांची आहे माझी लेक. बोलायला लागल्यापासून तिनं माझी एकही थट्टा बिनउत्तराची सोडलेली नाही. तापानं फणफणली असली तरी नाही.

उत्तर आलं नाही.

६

बाईंचा आवाज आला. बारीक, पण आला.

"किती उशीर केलास."

मग शांत.

"अगं, हात किती गार तुझे."

परत शांत. दुसरं कुणी बोललं तर ऐकू यावं म्हणून मी गॅस बंद केला. काही नाही. पण बाई थांबून थांबून बोलत होत्या, समोरून कुणी उत्तर देत असल्यासारख्या.

"नको... बरं, एक घोट."

पेल्याचा आवाज झाला. आणि गिळल्याचा.

स्वयंपाकघरापासून त्या खोलीपर्यंत नऊ पावलं. मी तिथे शेकडो वेळा गेलोय, चहाचा कप न हिंदकळता. त्या दिवशी चौथ्या पावलाला माझे पाय थांबले ते थांबलेच. माझं डोकं मात्र जोरात चाललं होतं. म्हणत होतं, ताप डोक्यात गेलाय, बाई बरळतायत. म्हणत होतं, बॅगेचा आवाज तुझ्या कानात आहे, कान साफ करून घे. म्हणत होतं, बरळणारी बाई पेला कसा उचलेल, त्याचं नंतर बघू.

शेवटी अजून दोन पावलं टाकली. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून पलंगाचा पायथा दिसत होता, बाईंची पावलं आणि समोरची भिंत. भिंतीवर भिंगरीचं घड्याळ. त्याची काच फुगीर आहे, मीच घासून लख्ख ठेवतो. जवळ जाऊन बघितलं तर सगळी खोली त्यात वाटीएवढी होऊन दिसते.

मी बघायला नको होतं. बघितलं.

पलंगाशी कुणीतरी वाकून बाईंची वेणी घालत होतं. पाठ, कोट, केस, सगळं भिंगरीचं. कोटावर पांढरं काहीतरी होतं, काचेवर दंव बसतं तसं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. तरी ते थांबलं आणि काचेतूनच माझ्याकडे वळलं. आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

ही खूण माझी आहे. भिंगरी चार वर्षांची असताना मी तिला शिकवली. बाईंची काहीतरी गंमत करायची असली की आम्ही दोघं एकमेकांना ती करायचो: बोट ओठांवर, मान एका बाजूला. आईला सांगायचं नाही.

खूण अगदी बरोबर केली होती. फक्त डोळे मिटलेले होते. गाढ झोपलेल्या माणसाचे असतात तसे.

७

मी बोळात बसून घेतलं. किती वेळ, ते घड्याळवाल्याला सांगता येणार नाही. बारा वाजल्यावर आत गेलो.

खोलीत कुणी नव्हतं. बाई कुशीवर झोपल्या होत्या, आणि कपाळाला दरदरून घाम. ताप उतरला होता. श्वास सरळ, टिक टिक टिक टिक, एकही गाळलेला नाही. पेला रिकामा. वेणी घट्ट, शेवटाला दुहेरी गाठ. खुर्ची पलंगाला चिकटून. फरशीवर एका चाकाची ओली रेघ, दारापासून पलंगापर्यंत आलेली.

परत गेलेली रेघ नव्हती.

दार बघितलं. कडी आतून लावलेली.

मी फडकं आणलं आणि रेघ पुसली. का पुसली? कुणी घर घाण केलं की पुसतात. मग पलंगाच्या पायथ्याशी बसून मी, सातवी नापास, आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले आणि ते कुठल्या दिशेला धरायचे ते न कळून नुसते मांडीवर ठेवले.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी बेल वाजली. तीनदा.

"इतका वेळ लागतो दार उघडायला?" भिंगरी म्हणाली. डोळे सुजलेले, पण जीभ जागेवर. "पळून जायचा विचार होता का, बाबा?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पायलटला आडवाट सापडली काय गं?"

"सापडली होती. मग त्याला कळलं मी कुणाची मुलगी, त्यानं मुद्दाम लांबची घेतली." आणि मग घाबरून, "बाबा? रडताय का? आई..."

"आई झोपलीय. बरी आहे."

तिनं बॅग आत ओढली. बॅग नुसती सरकली, आवाजच नाही. चार चाकांची, कोरी.

"ती तडक्या चाकाची कुठे गेली?"

"ती? मागच्या वर्षीच टाकली. बाबा, तुम्हाला आत्ता बॅग सुचतेय?"

बाईंना जाग आली. भिंगरीकडे बघून त्या म्हणाल्या, "परत कुठे गेली होतीस?" भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तेवढ्यात नर्सबाई आल्या, त्यांनी बाईंच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "वेणी छान घातलीय. कुणी?" भिंगरी म्हणाली, "मी नाही, मी आत्ताच येतेय." दोघींनी माझ्या बोटांकडे बघितलं. मी म्हणालो, "घड्याळातली केसाएवढी कमान सारखी करतो, बाईंचे केस जमणार नाहीत?" दोघी हसल्या. सुटलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? मुलगी आली की बघा." मला विचारावंसं वाटलं, कितीला?

भिंगरीला मात्र मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग माझा हात धरला. "बाबा, बाकी कशावरही थट्टा करा. यावर नको."

"थट्टा नाही गं."

"शिंपीकाकांनाही तुम्ही असंच म्हणाला होतात." मग जरा थांबून म्हणाली, "विमानात मला मेल्यासारखी झोप लागली. शेजारची बाई जेवणाला दोनदा हलवून थकली. हात एवढे गार पडले होते माझे, की तिनं तिची शाल टाकली अंगावर." आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

८

पंधरा दिवसांत बाई काठी घेऊन बोळात चालायला लागल्या. भात मागून घेतला. माझ्या हिशोबाच्या वहीतल्या चुका काढल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि नळी माझ्याही कानाला लावली. मी ऐकलं, आणि सांगतो, जगातलं कुठलंही घड्याळ इतकं छान चालत नाही. मी आता तक्रार कसलीच करत नाही. जिन्याची नाही, गुडघ्यांची नाही. सकाळी डोळे उघडले आणि बाजूनं "उठा, आठ वाजले" असं खेकसणं आलं, की मला पुरतं.

फक्त पलंगावर बाई भिंतीकडे सरकून झोपतात. कडेला एक माणूस बसेल एवढी जागा सोडतात.

एकदा भिंगरी बाजारात गेली होती. मी दोघांचा चहा आणला. बाई म्हणाल्या, "तिचा कुठे आहे?"

"ती बाजारात नाही का गेली?"

"ती नाही हो," बाई म्हणाल्या आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मी तिसरा कप आणून खुर्चीजवळच्या तिवईवर ठेवला. कुणी प्यायलं नाही, तसं काही सांगायचं नाहीये. पण वाफा निघत असलेला चहा मी ठेवून वळलो, बशी घ्यायला खाली वाकलो, तेवढ्यात कप बर्फासारखा गार झालेला.

तेव्हापासून रोज अकरा दहाला तिसरा कप ठेवतो. ज्यानं माझी बायको मला परत दिली, त्याला एक चहा जड आहे का? पण ठेवताना मी खुर्चीकडे बघत नाही. आणि घड्याळाच्या काचेत तर त्या दिवसापासून बघितलेलं नाही.

आभार एका हातात, भीती दुसऱ्या हातात. आणि मधे कप हिंदकळतो.

९

भिंगरी परत निघाली. मी खाली टॅक्सीपर्यंत गेलो. ती म्हणाली, "आईला जपा. आणि घरात एकटे बडबडत जाऊ नका, शेजारी घाबरतात." मी म्हणालो, "शेजारी तुला बघून घाबरायचे, म्हणून तर तुला लांब पाठवलंय." टॅक्सी वळेपर्यंत तिचा हात बाहेर होता.

वर आलो. बाई पलंगावर बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. मी स्टूल भिंतीशी ओढलं आणि चढलो. भिंगरीचं घड्याळ पंधरा दिवस आपल्या घड्याळाबरोबर चालत होतं. आता विमान उडालं की दर तासाला सदतीस मिनिटं मागे. रीतच आहे.

पण माझ्या मनात दुसरंच होतं. विमान उडायला अजून तीन तास होते. ते सव्वातीन तास मी घाईघाईत स्वतःच्या हातानं ओढून आणले होते, ते आधी एका दमात परत द्यायचे. ज्या वाटेनं जे आलं, त्या वाटेनं ते जाईल. रीतसर, आभार मानून. पोचवल्यासारखं. काट्यावर बोट ठेवून मी हळूच म्हणालो, "फार उपकार झाले. खरंच फार झाले. आता..."

"विमान सुटलं का?" बाईंनी शिवण खाली न ठेवता विचारलं.

"अं? नाही. सुटेल."

"मग काटा कशाला धरलाय?"

"जरा मागे घेतोय."

"किती?"

बाईंपुढे आकड्यात खोटं बोलता येत नाही. एकदाच जमलं होतं. "सव्वातीन तास," मी म्हणालो.

सुईतला दोरा त्यांनी दातानं तोडला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, बोट काट्यावर, आणि काचेत न बघायची शिकस्त करत होतो. पंधरा दिवसांपूर्वी याच स्टुलावर मी झाडाच्या शेंड्यासारखा हाललो होतो. आज ते गुमान उभं होतं.

"तुम्ही सांगितलंत टेकलं, आणि मी काय समजले नाही?" बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं पोरांची उत्तरं तपासलीत मी. साडेचार हजार किलोमीटर राहिले होते. तरी वाट बघितली, कारण आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मनापासून बोलवत होतात कुणालातरी. ती आली."

"बाई, पण ती..."

"जी सव्वापाच तास उशिरा आली, तिला टॅक्सीपर्यंत सोडून आलात. आणि जी हाकेला धावून आली, तिला काटा फिरवून हाकलताय. शोभतं का बापाला? आणि उतरा आता खाली. केव्हाची स्टूल धरून उभी आहे बिचारी."